छोट्या दांडीचे गणित

गेल्या पावसाळ्यात माझा पुतण्या एका रविवारी संध्याकाळी चिखलाने माखलेली गाडी दारात लावून आत आला आणि बूट काढता काढताच म्हणाला, "काका, गाडी बिघडलेली नाही, पण पहिल्यासारखी चालतही नाही. काय झालंय ते सांगा."

ही गाडी म्हणजे १.३ लिटर पेट्रोल इंजिनाची जुनी जिप्सी. सरकारी खात्याच्या लिलावात त्याने ती घेतली, तेव्हा घरातल्या सर्वांनी त्याला वेड्यात काढले होते. त्याची नोकरी पिंपरीला. वहिनी, म्हणजे त्याची आई, भोरच्या पुढे डोंगरातल्या वाडीत एकटी राहते. तिला दर पंधरा दिवसांनी पुण्याला डॉक्टरांकडे आणावे लागते आणि ती गाव सोडायला तयार नाही. वाडीचा शेवटचा चार किलोमीटरचा रस्ता नुसत्या मुरमाचा. मध्ये एक ओढा आहे आणि पावसाळ्यात एसटी अलीकडच्या गावातच थांबते. तेव्हा गाडी हवी ती अशी, की हमरस्त्यावर नव्वदच्या वेगाने धावेल आणि ओढ्यातले धोंडेही ओलांडेल. जिप्सी ती कामे करत होती. मग कोणाच्या तरी सल्ल्याने त्याने मोठे टायर बसवले आणि तिथून तक्रारी सुरू झाल्या. कात्रजच्या चढाला पाचव्या गिअरमध्ये गाडी दम टाकू लागली. वाडीहून खाली येताना पूर्वी पहिल्या गिअरमध्ये ब्रेकला पाय न लावता उतरणारी गाडी आता पुढे ओढू लागली. गॅरेजवाल्याने उपाय सुचवला होता, ट्रान्स्फर केसचे गिअर बदलण्याचा. ते परदेशातून मागवावे लागणार होते.

मी तंत्रनिकेतनात यंत्रशास्त्र शिकवण्यात आयुष्य घालवले. या प्रश्नाचे उत्तर कागदावर निघते हे मला ठाऊक होते. पण ते काढता काढता या छोट्या गाडीचा इतिहास आणि तिच्या पोटातली एक गंमत अशी समोर आली, की ती यंत्रांची आवड नसलेल्या वाचकांपुढेही मांडावी असे वाटले.

प्रथम ट्रान्स्फर केस म्हणजे काय ते पाहू. नेहमीच्या गाडीत इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून एका लांब दांड्याने, म्हणजे प्रोपेलर शाफ्टने, एकाच ॲक्सलकडे जाते. चारही चाकांना ताकद द्यायची तर ती मागे आणि पुढे अशी वाटून देणारी पेटी लागते. पाटाचे पाणी दोन वाफ्यांना फोडावे तसे तिचे काम. जिप्सीत मुख्य गिअरच्या दांडीशेजारी जी छोटी दांडी असते ती या पेटीची. पेटीला आणखी एक काम दिलेले असते. तिच्यात दोन चाली असतात, हाय आणि लो. हाय रोजच्या रस्त्याची. लो टाकली की सगळे गिअर एकदम जड होतात. गाडी हळू चालते, पण ओढ प्रचंड वाढते. सायकलच्या मागच्या मोठ्या चक्रावर साखळी टाकून चढ चढल्याचा अनुभव ज्यांना आहे, त्यांना वेगळे सांगायला नको. वेग देऊन बळ घ्यायचे, हा सौदा सगळ्या दात्यांच्या चाकांचा आहे.

दुसऱ्या महायुद्धातल्या विलीस जीपमध्ये ही पेटी होती. तिची लो चाल १.९७ ची, म्हणजे पेटीत १.९७ फेरे आत जावेत तेव्हा एक फेरा बाहेर पडावा. हाय मात्र एकास एक. हाय असताना पेटी फेऱ्यांचा हिशेब बदलत नसे, जेवढे आत येतील तेवढे बाहेर. मुंबईत १९४७ पासून महिंद्रांनी जुळवलेल्या विलीस जीपगाड्या याच वंशातल्या. पुढे अमेरिकेत २००३ मध्ये रँग्लर जीपची रुबिकॉन आवृत्ती आली, तेव्हा तिच्या लो चालीचे प्रमाण चारास एक केले गेले आणि हाय पूर्वीसारखीच एकास एक राहिली. जीपवाल्याला त्यामुळे एक सुख आहे. डोंगरासाठी त्याने लो कितीही खोल केली तरी हमरस्त्यावर त्याची किंमत मोजावी लागत नाही.

सुझुकीच्या घराण्यात ते सुख नाही. हे घराणे सुरू झाले १९७० मध्ये, एलजे १० या गाडीपासून. होप नावाच्या एका लहान जपानी कंपनीचा आराखडा सुझुकीने विकत घेतला आणि त्यात स्वतःचे ३५९ सीसीचे, दोन फटक्यांचे इंजिन बसवले. ताकद पंचवीस अश्वशक्ती. एवढ्याशा इंजिनाने चार चाके डोंगरावर न्यायची, तर मिळेल तिथे फेरे कमी करून बळ वाढवणे भाग होते. याच घराण्यात पुढे आलेल्या एसजे ४१० चे इंजिन सुमारे एक लिटरचे. तिच्या ट्रान्स्फर केसची हाय चालदेखील १.५८ ची आहे, लो २.५११ ची. म्हणजे साध्या डांबरी रस्त्यावरसुद्धा ही पेटी वेग कापतच असते. तिच्या आधी गिअरबॉक्सने कापलेला असतो आणि नंतर ॲक्सलमधले क्राउन-पिनियन पुन्हा कापते. क्राउनला ३७ दाते, पिनियनला ९, म्हणजे ४.१११ पट.

हीच एसजे ४१० मारुतीने १९८५ मध्ये जिप्सी म्हणून भारतात आणली. सुरुवातीच्या चार गिअरच्या जिप्सीत बसून ज्यांनी लांबचा प्रवास केला असेल, त्यांच्या कानात तो आवाज अजून असेल. चौथा गिअर एकास एक धरला, तर इंजिनाचे साधारण साडेसहा फेरे झाले की चाक एकदा फिरणार. नव्वदच्या वेगाला इंजिन मिनिटाला साडेचार हजारांच्या आसपास फिरत असते. प्रवासी एकमेकांशी ओरडून बोलत, ते उगाच नव्हे.

पुढची पायरी १.३ लिटरच्या इंजिनाची. अमेरिकेत ही गाडी १९८६ च्या मॉडेलपासून सामुराय या नावाने विकली गेली. इंजिन मोठे झाल्यावर सुझुकीने पेटीतले गिअर हलके केले. हाय १.४०९, लो २.२६८. ॲक्सल ४१ आणि ११ दात्यांचा, म्हणजे ३.७२७ पट. पाचवा गिअर ०.७९५ चा. पुढचे सगळे आकडे मी सामुरायचे धरले आहेत, कारण ते पक्के ठाऊक आहेत. जिप्सीच्या वेगवेगळ्या वर्षांच्या गाड्यांत ॲक्सल वेगळा सापडू शकतो, म्हणून प्रत्येकाने आपल्या गाडीचा मोजून घ्यावा. ते अवघड नाही. तीन चाकांना गुटके लावून मागचे एकच चाक उचलावे, गिअर न्यूट्रलला ठेवावा, प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण करावी आणि उचललेले चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवावे. शाफ्टचे जेवढे फेरे होतील तेवढे ॲक्सलचे प्रमाण. पुतण्याने माझ्या अंगणात ते करून पाहिले. शेजारची मुले मोजायला होती, त्यामुळे तीन वेळा तीन उत्तरे आली, ती गोष्ट वेगळी.

आता टायरकडे येऊ. कंपनीचा टायर २०५/७० आर १५. व्यास सुमारे ६६८ मिलिमीटर, एका फेऱ्यात २.१ मीटर अंतर. नव्वदच्या वेगाला इंजिन मिनिटाला जेमतेम ३००० फेरे घेते. या इंजिनाची ओढ ३५०० च्या सुमारास सर्वांत जास्त असते, तेव्हा हा आकडा समंजस म्हणावा लागेल. पुतण्याने बसवलेला टायर २३५/७५ आर १५ चा, व्यास ७३३ मिलिमीटर, जवळजवळ दहा टक्के मोठा. त्याच वेगाला आता इंजिन २७२० वर फिरते.

इथे बहुतेकांची फसगत होते. इंजिन हळू फिरते म्हणजे पेट्रोल वाचेल, यंत्र टिकेल, असे वाटते. सपाट रस्त्यावर, वारा मागून असताना, थोडे वाचेलही. पण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो मोडून काढायला लागणारी ताकद घनाने. जिप्सीचा आकार हवेच्या दृष्टीने कपाटासारखा. साठ-बासष्ट अश्वशक्तीच्या इंजिनाला तो ढकलायला फेरे लागतात. ते कमी केले की चढ लागताच इंजिन गुदमरते, चालक चौथा टाकतो, आणि जो पाचवा गिअर हमरस्त्यासाठी दिला होता तो शोभेचा उरतो. पुतण्याचे तेच झाले होते.

डोंगराकडचा हिशेब याहून महत्त्वाचा होता, कारण त्या उतारावर गाडीत वहिनी असते. कंपनीच्या टायरवर, लो चालीत, पहिल्या गिअरमध्ये इंजिन मंद गतीने, म्हणजे ८०० फेऱ्यांवर असताना गाडी ताशी सव्वातीन किलोमीटरने सरकते. माणूस यापेक्षा वेगाने चालतो. मोठ्या टायरवर तोच वेग ३.६ झाला. ऐकायला फरक क्षुल्लक वाटतो, पण उतारावर इंजिन गाडीला मागे धरते ते याच प्रमाणाच्या जोरावर, आणि ती पकडही नऊ टक्के सैल झाली होती. ओल्या मुरमावर ब्रेक दाबला की चाक अडकते आणि गाडी घसरते. इंजिनाची पकड मात्र सगळ्या चाकांवर सारखी आणि न अडकता काम करते. घाट ज्या गिअरमध्ये चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा, असे जुने ड्रायव्हर सांगत ते यासाठी.

मी त्याला पहिला सल्ला दिला तो अर्थातच जुने टायर परत बसवण्याचा. त्याने मान हलवली. ओढ्यात मधोमध एक धोंडा आहे, त्यावर पूर्वी मागच्या ॲक्सलचा फुगवटा घासत असे. स्प्रिंगा उंच केल्या तर गाडीची टप उंच होते, पण ॲक्सल जमिनीपासून आहे तिथेच राहतो. तो वर उचलणारी एकच वस्तू म्हणजे टायर. व्यास साडेसहा सेंटिमीटरने वाढला, म्हणजे ॲक्सल सव्वातीन सेंटिमीटर उचलला गेला. त्या सव्वातीन सेंटिमीटरसाठी बाकी सगळे चालले होते. युक्तिवाद मान्य करावा लागला. (कंपनीने ठरवलेल्या मापाबाहेर गाडीत बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आडवे येते, हेही त्याच्या कानावर घातले. त्याची कागदपत्रे तो बघतो आहे.)

टायर ठेवायचे ठरल्यावर बदल दोन जागी शक्य होता, ॲक्सलमध्ये किंवा ट्रान्स्फर केसमध्ये.

ॲक्सलचा मार्ग सरळ आहे. ३.७२७ ऐवजी एसजे ४१० चे ४.१११ चे क्राउन-पिनियन बसवले की दहा टक्क्यांची वाढ दहा टक्क्यांनी भरून निघते. शिवाय स्पीडोमीटर खरे बोलू लागते. या गाडीत त्याची तार ट्रान्स्फर केसच्या बाहेर पडणाऱ्या शाफ्टवरून निघते. टायर मोठा झाला की गाडी नव्वदने धावत असते आणि काटा ब्याऐंशीवर असतो. पिनियन बदलले की शाफ्ट पुन्हा जुन्या हिशेबाने फिरतो. अडचण अशी, की ॲक्सल दोन आहेत आणि दोन्ही एकाच प्रमाणाचे हवेत. या गाडीत पुढच्या आणि मागच्या शाफ्टमध्ये फेऱ्यांचा फरक झेलणारे काही नसते. प्रमाणे वेगळी असली तर चारही चाके जोडताक्षणी ती एकमेकांशी भांडू लागतात आणि काहीतरी तुटते. म्हणजे दोन्ही हाउसिंग उघडायची आणि दोन्हीकडे पिनियनची बैठक शिम घालून जुळवायची. हे काम नीट येणारे हात आता थोडे उरले आहेत. बैठक चुकली तर तीन महिन्यांत ॲक्सल रडू लागतो.

ट्रान्स्फर केसचा मार्ग अधिक चतुर. पेटी एकच, ती सुटी उतरते आणि टेबलावर उघडता येते. पण तिच्या रचनेत ती गंमत आहे. इंजिनाकडून येणारा पहिला गिअर हाय आणि लो या दोन्ही वाटांना सामाईक आहे. त्याचे दाते कमी केले की दोन्ही चाली एकदम जड होतात. फक्त लो खोल करायची, तर लोच्या जोडीतला लहान गिअर आणखी लहान करावा लागतो. पेटीच्या आत शाफ्टांमधली अंतरे ठरलेली, त्यामुळे तो फार लहान केला की दाते कमजोर होतात. म्हणून सुझुकीसाठी बाजारात मिळणाऱ्या खोल गिअरांत लोबरोबर हायदेखील थोडी ओढली जाते. त्यांतला प्रसिद्ध जोड ४.१६ चा. तो बसवला की लो २.२६८ ची ४.१६ होते आणि हाय १.४०९ ची १.५८. गॅरेजवाल्याने हाच सुचवला होता.

हा जोड कोणासाठी जन्मला? कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडा पर्वतातून रुबिकॉन ट्रेल नावाची वाट जाते. जीपच्या त्या आवृत्तीला नाव तिचेच. ग्रॅनाइटच्या घरंगळत आलेल्या खडकांवरून तिथे गाडी चालवायची नसते, चढवायची असते, एकेका चाकाने, हात धरून म्हातारीला पायऱ्या चढवाव्यात तशी. सामुराय तिथे लाडकी झाली, कारण ती लहान, हलकी आणि स्वस्त. पण तिचे बरेच मालक गाडी ट्रेलरवर घालून नेणारे नव्हते. ते तिच्यातच बसून शहरातून हमरस्त्याने डोंगरापर्यंत जात आणि तिच्यातच परतत. मोठे टायर त्यांनीही बसवलेले असत. हाय चालीतली १२ टक्क्यांची घट ही त्यांच्यासाठी खोट नव्हती, टायरने खाल्लेले परत देणारी भरपाई होती. कंपनीच्याच टायरवर मात्र हा जोड बसवला, तर नव्वदला इंजिन ३३५० वर जाते, आणि दर शंभर किलोमीटरला चोवीस हजार फेरे फुकट जास्त होतात. म्हणून गिअर आधी निवडून टायर नंतर घेणारा माणूस दोनदा खर्च करतो.

पुतण्याच्या टायरवर १.५८ ची हाय घातली तर आकडा येतो ३०५०. मूळचा ३००० च्या किंचित खाली होता. म्हणजे हमरस्त्याचा प्रश्न सुटला. घाटाचाही सुटला, कारण डांबरी घाट उतरताना लो वापरता येत नाही. जिप्सीत लो टाकली की चारही चाके जोडली जातात आणि कोरड्या डांबरावर ती तशी जोडून वळणे घेणे यंत्राला घातक. तिथे जी काही पकड मिळायची ती हायमधल्या दुसऱ्या-तिसऱ्या गिअरची.

राहता राहिली लो. इथे मी एक आकडा लिहून त्याच्यापुढे ठेवला, लोला हायने भागून येणारा. मूळ पेटीत तो १.६१. म्हणजे लो टाकल्यावर पहिला गिअर हायच्या पहिल्यापेक्षा जेमतेम दीड पटीहून थोडा जड होतो, आणि लोचा दुसरा तर हायच्या पहिल्यापेक्षाही हलका. विलीसमध्ये १.९७, रुबिकॉन जीपमध्ये ४. सुझुकी या बाबतीत घराण्यातली गरीबच. ४.१६ च्या जोडाने तो २.६३ होतो आणि पुतण्याची गाडी पहिल्या गिअरमध्ये ताशी दोन किलोमीटरने सरकू लागते. खडकांवर हे वरदान. पण त्याच्या वाटेवर खडक नाहीत, मुरूम आणि चिखल आहे, आणि चिखलात चाकाला थोडा वेग लागतो, नाहीतर दात्यांत भरलेली माती झटकली जात नाही. शिवाय लोमध्ये शाफ्टवर आणि पुढच्या ॲक्सलच्या जॉइंटवर पडणारा पीळ जवळजवळ दुप्पट होतो. ही पेटी ज्या रबरी माउंटांवर टांगलेली असते ती तर मूळच्याच पिळाने फाटतात. वाडीच्या वाटेवर जॉइंट तुटला तर मदतीला यायला ट्रॅक्टर, तोही कोणाच्या पेरणीत नसला तर.

मग मला ती एक लिटरची थोरली बहीण आठवली. एसजे ४१० ची पेटी हाय १.५८, लो २.५११. ती पुतण्याच्या गाडीत घातली, तर हमरस्त्यावर ३०५० फेरे आणि उतारावर ताशी ३.२४ किलोमीटर. मूळ गाडीचे आकडे ३००० आणि ३.२६. जणू टायर बदललेच नव्हते, फक्त ॲक्सल सव्वातीन सेंटिमीटर वर गेला. नवीन इंजिन मिळाल्यावर कंपनीने ज्या पेटीला निरोप दिला, तिचेच दाते मोठ्या टायरला चपखल बसत होते.

कागद त्याच्याकडे सरकवला तेव्हा तो बराच वेळ पाहत राहिला. "म्हणजे परदेशातून काही मागवायचं नाही?"

"जुना बाजार फिर. पेटी मिळाली की आधी उघडून दाते मोज, मग पैसे दे. फ्लँजची भोकं तुझ्या शाफ्टला जुळतात का तेही बघ."

पेटी मिळायला दोन महिने लागले. आधी एक मिळाली ती १.४०९ चीच निघाली, विकणारा मात्र शपथेवर जुन्या जिप्सीची सांगत होता. दुसरीचे बेअरिंग गेलेले होते, पण दाते शाबूत. मिस्त्रीने बेअरिंग, सील आणि तिन्ही माउंट नवी घातली. बसवल्यावर आम्ही दोघे कात्रजला जाऊन आलो. पाचव्यात चढ पूर्ण झाला नाही, शेवटच्या वळणावर चौथा टाकावाच लागला. तो मूळच्या गाडीतही लागत असे.

स्पीडोमीटर अजून खोटे बोलते. पेटीचे गिअर त्याच्या तारेच्या अलीकडे असल्याने त्याला या बदलाचा पत्ताच नाही. पुतण्याने काचेवर ब्याऐंशीच्या खुणेशी लाल रंगाची बारीक पट्टी चिकटवली आहे. पहिल्याच फेरीत वहिनींनी ती पाहिली आणि काटा पट्टीच्या वर गेला की त्या आता खांद्यावर हात ठेवून सांगतात, "बाळा, नव्वद झाले."